पळसगोंदीची काजळी

अर्थमंत्र्यांच्या तोंडून पळसगोंदीचं नाव निघालं तेव्हा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या निम्म्या बायका गप्पांत रंगल्या होत्या. देवांगनाबाई मेश्राम यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गावातल्या ढिवर बायकांच्या मासेमार संस्थेच्या त्या अध्यक्ष, त्यांचा हात वर गेला की बोलणं थांबायचंच. पडद्यावर मंत्री सांगत होते की, चाळीस वर्षं कुणाच्या नजरेला न पडलेला काजळी नावाचा मासा पळसगोंदीच्या तलावात जिवंत असल्याचं सिद्ध झालं आहे आणि त्या तलावासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात यंदापासून स्वतंत्र तरतूद केली जात आहे. सभागृहात बाकं वाजली. गावात किराणा दुकानातले दिवाळीचे उरलेले फटाके त्या दुपारी संपले.

देवांगनाबाईंनी लगेच नागपूरला भाचीला फोन लावला. तलावाच्या दाखल्यावर सही तिचीच होती ना.

मोनाली वलथरे ही त्यांच्या भावाची मुलगी. पळसगोंदीच्या तलावात पोहायला शिकलेली, आणि आता पर्यावरण खात्यात जलाशयांची तपासणी करून दाखला देणारी अधिकारी. तिच्या हाताखालचं यंत्र शिवणयंत्राच्या पेटीएवढं होतं. खात्यात त्याला जीवमापी म्हणत; गावोगावचे लोक त्याला 'नाक' म्हणत, कारण ते पाण्याचा वास घेतल्यासारखं करून आत कोण राहतं ते सांगायचं.

त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव स्वतःचं काहीबाही पाण्यात सोडत असतो: खवले, बुळबुळीत थर, विष्ठा, मेलेल्या पेशी. त्या प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो आणि तो काही दिवस तरी पाण्यात टिकून राहतो. पेलाभर पाणी बारीक चाळणीतून गाळायचं, चाळणीवर उरलेला डीएनए यंत्राला वाचायला द्यायचा. पूर्ण डीएनए वाचत बसलं तर महिने जातील, म्हणून यंत्र प्रत्येक जीवाचा एक ठरावीक छोटा तुकडा तेवढा वाचतं. हा तुकडा म्हणजे दारावरची नावाची पाटी. पाटी वाचली की आत मरळ राहते की दाडक, बेडूक की पाणकोंबडी, ते कळतं. जाळं नको, गळ नको, मासा मारायला नको.

शास्त्रज्ञांना आनंद झाला तो एवढ्यासाठी. अर्थखात्याला आनंद झाला तो वेगळ्या कारणानं. तलाव, नद्या, खाड्या यांच्यासाठी मागितला जाणारा पैसा कुठे मुरतो हे त्या खात्याला कधीच कळलं नव्हतं. आता मोजमाप हाती आलं. पाण्यात किती जीव, त्यांतले किती दुर्मीळ, यावरून प्रत्येक जलाशयाला 'जीवांक' द्यायचा आणि अर्थसंकल्पातली तरतूद त्या अंकाप्रमाणे वाटायची, असा नियम झाला. त्या नियमाला एक शेपूट होतं. ज्याचा जीवांक चाळीसच्या खाली गेला, तो 'निर्जीव जलाशय'. त्याला छदाम मिळणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही खात्याला तो हव्या त्या कामासाठी वापरता येईल. पूर्व विदर्भातले जुने तलाव एकामागून एक त्या शेपटाखाली सापडू लागले होते. त्यांच्यावर काठापासून काठापर्यंत विजेसाठीच्या सौर पट्ट्या तरंगत होत्या आणि खालचं पाणी अंधारात कुजत होतं.

पळसगोंदीचा नंबर लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. देवांगनाबाईंच्या बायकांनी तीन उन्हाळे खपून तलावात माजलेली बेशरमची झाडं उपटली होती, माशांना हवं असलेलं गवत लावलं होतं. मासे परतही येऊ लागले होते. पण हळूहळू, आणि नियमाला थांबायला वेळ नव्हता.

अशा वेळी काजळी सापडली. बोटाएवढा मासा, डोळ्याखाली काळी रेघ. तिच्या एकटीच्या दुर्मीळपणानं जीवांक चाळीसच्या पार वर गेला.

सापडली त्या दिवशी मोनालीबरोबर डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, खानझोडे सर होते.

श्रीराम खानझोडे हे नागपूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि निवृत्तीनंतर सरकारच्या जलाशय तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष झाले होते. मोनालीला घडवलं ते त्यांनी. बारावीनंतर तिच्या वडिलांनी तिचं लग्न ठरवत आणलं होतं, तेव्हा हा माणूस एसटीनं पळसगोंदीला आला, ढिवरटोलीत खाटेवर बसून भाकरी खाल्ली आणि वडिलांशी शिक्षणाबद्दल चकार शब्द न काढता दुपारभर माशांवर बोलला. निघताना एवढंच म्हणाला की, तुमच्या मुलीला मी जे शिकवणार आहे त्यातलं अर्धं तिला येतंच, उरलेल्या अर्ध्यासाठी तिला माझ्याकडे पाठवा. वडिलांनी पाठवलं. त्या दिवसापासून मोनालीच्या मनात बापाच्या बरोबरीनं या माणसाची जागा होती. इंग्रजीनं तिची दांडी उडायची तेव्हा सरांनी तिला वर्षभर मराठीतून समजावलं. बरणीत स्पिरिटमध्ये ठेवलेली एकुलती एक काजळी त्यांनीच तिला पहिल्यांदा दाखवली होती.

पळसगोंदीच्या तपासणीला तिलाच पाठवावं, असा आग्रह सरांनी खात्याकडे धरला होता. वय झालं असतानाही ते स्वतः आले, डोंग्यात बसले, आणि मोनाली एकेका ठिकाणचं पाणी भरून घेत असताना लहान मुलासारखा हात पाण्यात सोडून बसले. मध्येच त्यांनी आपली पाण्याची बाटली काठावरून खळखळून विसळली. म्हातारपणी सरांना पाण्यात खेळताना पाहून मोनालीला भरून आलं होतं.

तरतूद झाली, फटाके वाजले, आणि पावसाळ्याआधी आदेश आला. दुर्मीळ प्रजातीचा अधिवास म्हणून पळसगोंदी तलाव पूर्ण संरक्षित. जाळं टाकायला बंदी, डोंगा घालायला बंदी, गवत कापायला बंदी. संस्थेचा मासेमारीचा ठेका रद्द. तरतुदीतून तलावाभोवती कुंपण आलं, फाटक आलं, फाटकावर नागपूरहून आणलेले पहारेकरी आले. बायकांच्या वाट्याला काय आलं, याचं उत्तर आदेशात कुठेही नव्हतं.

देवांगनाबाईंनी तिला बोल लावला नाही. फोनवर फक्त म्हणाल्या की, आपल्या माशासाठी आपल्यालाच बाहेर काढलं, हे काही बरोबर नाही, तू मोठी साहेब आहेस, काहीतरी कर.

मोनालीनं करायचं ठरवलं. तिच्या डोक्यात आलेला विचार साधा होता. काजळी काही सगळ्या तलावभर पसरलेली नसणार. ती नेमकी कुठल्या कोपऱ्यात राहते आणि साधारण किती आहे हे शोधलं, तर तेवढाच कोपरा राखून बाकीचा तलाव बायकांना परत देता येईल. त्यासाठी नुसती पाटी वाचून भागणार नव्हतं, माशाचा सगळा डीएनए हवा होता. कारण दोन माणसांप्रमाणेच दोन काजळ्यांतही बारीक फरक असतात आणि ते फरक मोजले की डोक्यांचा अंदाज येतो. प्रत्येक तपासणीचं अर्धं पाणी गोठवून ठेवायची पद्धत होती. तिनं पळसगोंदीचा तो जुना नमुना काढला आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत तो पूर्ण वाचायला लावला. पाऊस ओसरल्यावर तलावाच्या सगळ्या बाजूंचं ताजं पाणीही आणलं.

ताज्या पाण्यात काजळीचा मागमूस नव्हता. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. तिला हादरवलं ते जुन्या नमुन्यानं. त्यात मरळीचा डीएनए असायला हवा तसाच होता: तुटलेला, विस्कटलेला, पण सगळ्या अंगाचा, थोडा इथला, थोडा तिथला. काजळीचा मात्र एकच एक तुकडा होता. यंत्र वाचतं तो. तोच, लाखोंनी, एका मापाचा, कडा कापल्यासारखा स्वच्छ. त्याच्या मागचा नाही, पुढचा नाही. नावाची पाटी होती, पण दार नव्हतं, भिंत नव्हती, आत कुणी राहतच नव्हतं.

असा तुकडा मासा सोडत नाही. तो प्रयोगशाळेत नळीत छापला जातो. त्यासाठी मूळ काजळीचा कणभर नमुना लागतो, आणि तो राज्यात एकाच बरणीत होता, सरांनी तिला दाखवलेल्या.

डोंग्याच्या काठावरून विसळली जाणारी बाटली मोनालीला आठवत होती, आणि आपल्याला तेव्हा भरून आलं होतं याची तिला शरम वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी गेली. काकूंनी पोहे केले होते, ते तिच्यासमोर ठेवून त्या आत गेल्या. मोनालीनं कागद पुढे केले. सरांनी चष्मा लावून ते शांतपणे पाहिले. ते नाकारतील, चिडतील, अशी तिची तयारी होती. त्यांनी कागद घडी करून परत दिले.

"चांगलं काम केलंस," ते म्हणाले. "पूर्ण वाचायची बुद्धी कुणाला व्हायची नाही असं वाटलं होतं. तुला झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तलावाला सुधारायला दहा वर्षं लागतात आणि सरकार दोन वर्षं देतं. एकदा त्यावर सौर पट्ट्या पडल्या की तो संपलाच. समितीत बसून त्यांनी किती वेळा हे लिहून दिलं, कुणी वाचलं नाही. अर्थखातं फक्त आकडा वाचतं. मग त्याला आकडा द्यायचा. पळसगोंदी एकटा नव्हता. असे अकरा तलाव होते, प्रत्येकात काहीतरी नाहीसं झालेलं परत सापडलं होतं. ते हे अभिमानानं सांगत नव्हते आणि ओशाळूनही सांगत नव्हते.

मोनालीनं विचारलं की, ज्यांच्या पाण्यात कुणी काही ओतलं नाही त्या तलावांचं काय? तरतूद तर एकच आहे, या अकरांना गेली ती त्यांच्याच वाट्याची. सर म्हणाले की, सगळे वाचत नसतात. तिनं विचारलं की, बायकांचं काय? बंदी एवढी कडक येईल असं वाटलं नव्हतं, असं सर म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत, सर?"

"सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस."

"दुसऱ्या कुणाची घ्यायची होती."

"दुसऱ्या कुणाच्या सहीवर शंका घेतली असती लोकांनी," सर म्हणाले. "तू तिथलीच. ढिवरांची मुलगी म्हणते मासा आहे, म्हटल्यावर कोण विचारणार होतं?"

पोहे तसेच राहिले. खाटेवर बसून भाकरी खाणारा माणूस मोनालीच्या डोळ्यांसमोर उभा होता, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. तो दिवस खोटा नव्हता. सरांनी तिला खरंच मायेनं शिकवलं होतं. पण मायेनं वाढवलेली वस्तूही वेळ आली की वापरायला काढतात, हे तिला त्या दिवशी समजलं. दारात सरांनी तिला हिवाळी अधिवेशनापर्यंत गप्प राहायला सांगितलं. पुरवणी मागण्या मंजूर झाल्या की या वर्षाचा उरलेला पैसा तरी पक्का होईल. ती पायऱ्या उतरली.

आठवडाभर तिनं घुटमळून काढला. बोलावं तर आत्याच्या तलावावर पट्ट्या येणार. गप्प बसावं तर आत्या कायमची फाटकाबाहेर, आणि आपण सरांच्या खेळातलं प्यादं, आता जाणूनबुजून. शेवटी तिनं खात्याला सगळं लिहून कळवलं. अकरा तलावांचा उल्लेख केला. सरांचं नावही लिहिलं.

तिला हे आत्याला आधी सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. चौकशीतून काहीतरी बरं निघेल, मग चांगली बातमी घेऊनच जाऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

चौकशी नागपुरातच झाली, अधिवेशनाच्या दिवसांत. अर्थखात्याच्या उपसचिव शाल्मली कारखानीस मुंबईहून आल्या होत्या. टेबलाच्या पलीकडे, तक्रारीत नाव असूनही, तज्ज्ञ म्हणून खुद्द खानझोडे सर बसले होते. मोनालीनं तुकड्याचं सगळं समजावून सांगितलं. कारखानीसबाईंनी नीट ऐकलं, मग सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले की, निष्कर्ष शंभर टक्के बरोबर आहे. पळसगोंदीच्या नमुन्यात प्रयोगशाळेतला डीएनए मिसळला आहे. मोनालीच्या प्रयोगशाळेत यंत्र तपासून घेण्यासाठी बरणीतल्या काजळीचा छापील डीएनए ठेवलेला असतोच. हातमोजे बदलायचे राहिले असतील. काळजीनं काम करणाऱ्याकडूनही असं घडतं. ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी आहे, तेव्हा हे बोलताना त्यांना वाईट वाटतं आहे. बाकीच्या दहा तलावांबाबत तिच्याकडे काही पुरावा असल्यास समितीनं तो जरूर पाहावा.

पुरावा नव्हता. त्या दहांचे गोठवलेले नमुने समितीच्या, म्हणजे सरांच्याच ताब्यात होते, आणि सर जे बोलले ते पोह्यांच्या बशीसमोर बोलले होते.

मोनालीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर वैर नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना. वर्गात अवघड कोडं उलगडून दाखवताना ते असेच दिसायचे. अकरातला एक गेला, दहा राहिले. गेलेल्या एकाबरोबर ती.

कारखानीसबाई वाईट नव्हत्या. बाहेर येताना त्या मोनालीला म्हणाल्या, "अर्थसंकल्प मंजूर झालेला आहे. अकरा दाखले खोटे ठरले तर पुढच्या वर्षी पर्यावरणाची सगळी तरतूदच कापली जाईल. एक चूक पचते आम्हाला. अकरा पचत नाहीत."

मोनालीला निलंबनाचा कागद मिळाला. पळसगोंदीचा दाखला रद्द झाला, जीवांक सदतीस लागला, आणि तलाव निर्जीव ठरला. फाटकावरचे पहारेकरी गेले. बायकांना वाटलं तलाव परत मिळाला. त्यांनी डोंगे काढले, जाळी टाकली. दोन दिवसांनी सौर पट्ट्यांसाठी मोजणी करायला माणसं आली.

तेव्हा मोनाली गावी गेली. देवांगनाबाई अंगणात जाळं वाळत घालत होत्या. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. मोनालीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सरांची बाटलीसुद्धा.

"मासा होता का नोता?" आत्यानं विचारलं.

"नव्हता, आत्या."

"मंग तुनं सही काऊन केली?"

"सरांवर विश्वास होता माझा."

देवांगनाबाईंनी जाळ्याचं टोक खुंटीला अडकवलं. "अन् आमचा तुह्यावर होता," त्या म्हणाल्या.

मोनालीला रडू आलं नाही. नागपुरात जे तिच्यावर बेतलं होतं, तेच तिनं इथे केलं होतं. तिथे तिला आधी सांगितलं नाही म्हणून ती पेटली होती, आणि इथे तिनंही कुणाला आधी सांगितलं नव्हतं. तलाव बायकांचा, आणि त्याचा निकाल आधी सरांनी लावला, मग तिनं. ती आत्याच्या पाया पडायला वाकली, तर आत्या बाजूला झाल्या.

पण त्यांनी तिला जायलाही सांगितलं नाही. जरा वेळानं त्यांनी त्या दहा गावांचं विचारलं. तिथे बायका आहेत का, त्यांनाही बाहेर काढलं का. मोनाली म्हणाली, बहुतेक सगळीकडेच. मग तिनं नियमातली एक गोष्ट सांगितली: ग्रामसभेनं ठराव करून मागितली तर फेरतपासणी करावीच लागते, आणि ती गावासमोर होते, समिती अडवू शकत नाही. पण खरा आकडा निघाला तर त्यांचेही तलाव जातील. म्हणून बोलावं की बोलू नये, हे तिला ठरवता येत नाही.

"तू कोन ठरवनारी?" देवांगनाबाई म्हणाल्या. "तुहा सर कोन? सांगून टाक त्याईले. तलाव ठेवाचा का खरं ठेवाचं, ते त्याईचं त्याईले ठरवू दे. आमाले कोनं इचारलं नाई, त्याईले तरी इचारा."

त्यातलं सगळ्यांत जवळचं गाव खैरबोडी. दोघी एसटीनं गेल्या. आत्या खिडकीशी बसल्या आणि वाटभर बाहेर पाहत राहिल्या. मोनालीनं एकदा पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. वाटेत दोन तलाव लागले, दोन्ही पट्ट्यांनी झाकलेले, उन्हात पत्र्यासारखे चमकणारे.

खैरबोडीच्या समाजमंदिरात मासेमार बायका जमल्या होत्या. त्यांच्या तलावात नाहीसं झालेलं कासव सापडलं होतं. त्याचं रंगीत चित्र भिंतीवर लावलेलं होतं आणि त्याखाली बंदीचा आदेश. सगळ्या उत्सुकतेनं बघत होत्या. नागपूरची कुणी मोठी बाई आली आहे, म्हणजे काहीतरी मिळणार, असं त्यांना वाटलं असावं. मोनाली बोलायला उठली, पण देवांगनाबाईंनी हात वर केला आणि त्या आधी उभ्या राहिल्या.

"हे माह्या भावाची पोरगी," त्या म्हणाल्या. "हिच्या सहीनं आमचा तलाव गेला. आता हे काय सांगते ते आयका, अन् मंग तुमचं तुमी ठरवा."

त्या खाली बसल्या, आणि मोनालीनं बोलायला सुरुवात केली.